पोटातली चौदा इंजेक्शने

नारायण पेठेतल्या वाड्यांमध्ये ज्यांचे लहानपण गेले, त्यांना एक धमकी नक्की आठवत असेल. ‘कुत्र्याच्या वाटेला जाऊ नकोस, चावला तर पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील!’ कुत्र्यापेक्षा त्या ‘चौदा’ आकड्याचीच भीती मोठी होती. आमच्या वाड्यात अशी इंजेक्शने घेतलेले एक काका होते. नदीकाठच्या रस्त्यावर कुत्रा चावला म्हणून ते रोज सकाळी दवाखान्यात जात आणि पोट धरून परत येत. दहा-अकरा इंजेक्शने झाली आणि एके दिवशी सकाळी त्यांना अंथरुणातून उठता येईना. पाय लुळे पडले होते, लघवी अडली होती. ‘कुत्र्याचे विष चढले,’ असे वाड्यात सगळे म्हणाले. काका त्यातून वाचले, पण पुढे काठीशिवाय चालले नाहीत.

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. काका वाचले, म्हणजे त्यांना रेबीज झालेला नव्हता. मग झाले होते काय? याचे उत्तर आम्हाला पुष्कळ वर्षांनी, रोगप्रतिकारक पेशींचा अभ्यास करताना मिळाले. काकांचे पाय कुत्र्याच्या विषाने गेले नव्हते. लक्षणे पाहता ते लशीमुळे गेले होते. अधिक नेमके सांगायचे, तर लशीने चेतवलेल्या त्यांच्याच पांढऱ्या पेशींनी त्यांच्या मज्जारज्जूवर हल्ला केला होता. शरीर स्वतःवरच उलटते अशा रोगांना आपण स्वयंप्रतिकार विकार म्हणतो. या विकारांचे प्राण्यांवरचे संशोधन ज्या प्रयोगांतून वाढीला लागले, त्यांची सुरुवात याच चौदा इंजेक्शनांच्या अपघातापासून होते. तो इतिहास शिक्षकांना माहीत असावा असे आम्हाला वाटते.

मेंदूतून काढलेली लस

६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचण्यास सुरुवात झाली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. ती लस कशाची होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. रेबीजचा विषाणू मज्जासंस्थेत वाढतो. प्रयोगशाळेतील बशीत पेशी वाढवून त्यांत विषाणू वाढवण्याचे तंत्र त्या काळी नव्हते. म्हणून पाश्चर सशांना रेबीज देत, त्यांचा मज्जारज्जू काढून वाळवत आणि तोच वाटून टोचत. म्हणजे रोग्याला विषाणूबरोबर सशाचा मज्जारज्जूही टोचला जाई.

भारतात १९०० साली कसौली येथे पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. कुत्रा चावलेल्या माणसाला लशीसाठी तिथवर प्रवास करावा लागे. १९०७ मध्ये दक्षिणेत कुन्नूरला दुसरी संस्था निघाली, तरी अंतराचा प्रश्न मिटला नाही. तो सोडवला डेव्हिड सेम्पल यांनी. १९११ मध्ये त्यांनी रेबीज झालेल्या प्राण्याच्या मेंदूचा लगदा करून, त्यातील विषाणू फिनॉलने मारून लस तयार केली. पुढे तिच्यासाठी मेंढीचा मेंदू वापरू लागले. ही लस बाटलीत भरून दूरवर पाठवता येई. जिल्ह्याच्या गावी, तालुक्याच्या दवाखान्यात उपचार मिळू लागले. आपल्याकडे परळच्या हाफकिन संस्थेतही मेंढीच्या मेंदूची लस बनत असे. सुमारे नव्वद वर्षे भारतातल्या गरीब माणसाला रेबीजपासून वाचवणारी लस हीच होती. लशीची मात्रा मोठी असल्याने ती पोटाच्या कातडीखाली टोचत. दंड त्यासाठी अपुरा पडे.

न सुटणारे कोडे

पाश्चर यांच्या काळापासूनच एक गोष्ट डॉक्टरांना सतावत होती. लस घेतलेल्यांपैकी थोड्या जणांना, साधारणतः उपचार सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी, लुळेपणा येई. काही जण बरे होत, काही कायमचे अधू होत, काही दगावत. हे प्रमाण ठिकठिकाणी वेगळे होते. कुठे काही शे जणांत एक, तर कुठे कित्येक हजारांत एक. पॉल रेमलँजे या फ्रेंच डॉक्टरांनी १९०५ मध्ये अशा रुग्णांची माहिती गोळा करून मांडली, तेव्हा हा योगायोग नाही हे उघड झाले.

कारणांबाबत तीन तर्क होते. पहिला, लशीतला विषाणू पुरता मेलेला नसावा. दुसरा, मेंदूत आणखी एखादा अज्ञात विषाणू दडलेला असावा. तिसरा, दोष विषाणूचा नसून मेंदूच्या लगद्याचाच असावा. तिसरा तर्क फार थोड्यांना पटे. रोज मटण खाणाऱ्याला मेंढीच्या मेंदूने काय होणार? शिवाय त्या काळचे मोठे शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांचे मत या तर्काच्या विरुद्ध जात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी व मॉर्गेनरोथ यांनी बोकडांना दुसऱ्या बोकडांचे रक्त टोचून पाहिले. बोकडांनी परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे बनवली, पण स्वतःच्या रक्तपेशींविरुद्ध कधीच नाही. शरीराला आत्मघाताचे जणू भय असते, असे एर्लिख यांनी म्हटले. ते खरे तर असे म्हणत होते की हा आत्मघात टाळणारी काही व्यवस्था शरीरात असली पाहिजे. वाचणाऱ्यांनी मात्र त्याचा अर्थ ‘असे घडूच शकत नाही’ असा घेतला आणि हा प्रश्न अनेक वर्षे मागे पडला.

आठ माकडे

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील टॉमस रिव्हर्स स्वतः विषाणुतज्ज्ञ होते. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. लशीतून विषाणू काढून टाकला आणि फक्त निरोगी मेंदूच टोचला, तर काय होईल? १९३३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर पहिले प्रयोग प्रसिद्ध केले. १९३५ मध्ये रिव्हर्स आणि श्वेन्टकर यांनी निरोगी सशांच्या निर्जंतुक मेंदूचा लगदा आणि अर्क आठ माकडांना पुन्हा पुन्हा टोचला. त्यांपैकी सात माकडांच्या मेंदूत दाह झाला आणि मज्जातंतूंवरचे आवरण नष्ट झालेले दिसले. शेजारी ठेवलेली दुसरी आठ माकडे, ज्यांना मेंदू टोचला नव्हता, ठणठणीत राहिली. आजारी माकडांच्या मेंदूतून कुठलाही जंतू किंवा विषाणू सापडला नाही.

ही माकडे ऱ्हीसस जातीची होती. उत्तर भारतातल्या देवळांच्या आवारात आणि रेल्वे फलाटांवर दिसतात तीच ही माकडे.

तारेवर जसे प्लास्टिकचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूवर मायलिन नावाच्या मेदयुक्त द्रव्याचे आवरण असते. ते गेले की संदेश मंदावतात किंवा थांबतात. स्नायू धडधाकट असूनही पाय हलत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या माणसाच्या आजारातही हेच होते. म्हणून रिव्हर्स यांच्या माकडांकडे या आजाराची प्रतिकृती म्हणून पाहिले जाऊ लागले. अशा प्रतिकृतीला शास्त्रात प्राणी-प्रारूप म्हणतात.

या प्रयोगात एक अडचण होती. माकडांना कित्येक महिने डझनावारी इंजेक्शने द्यावी लागत. १९४७ मध्ये एल्विन काबाट आणि सहकाऱ्यांनी ती दूर केली. ज्यूल्स फ्रॉइंड यांनी खनिज तेल आणि मारलेले क्षयजंतू यांचे एक मिश्रण तयार केले होते. प्रतिकारयंत्रणेला हे मिश्रण धोक्याच्या घंटेसारखे वाटते. मेंदूचा लगदा त्यात घोटून टोचला, तर मोजक्या इंजेक्शनांत, काही आठवड्यांत रोग दिसू लागला. मग १९४९ मध्ये काबाट यांनी निर्णायक प्रयोग केला. त्यांनी माकडाच्या मेंदूचा एक लहानसा भाग शस्त्रक्रियेने काढला, या मिश्रणात घोटला आणि त्याच माकडाला टोचला. माकडाला रोग झाला. शरीर स्वतःविरुद्ध उठू शकते, हे आता नाकारता येणार नव्हते.

दोषी कोण? रक्तजल की पेशी?

पुढचा प्रश्न असा होता, की हल्ला करते कोण? त्या काळी बहुतेकांचा संशय रक्तजलातील प्रतिपिंडांवर होता. १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी आजारी घुशींच्या लसिका ग्रंथींमधील जिवंत पेशी काढून निरोगी घुशींना दिल्या. निरोगी घुशी आजारी पडल्या. रक्तजल देऊन मात्र हे साधत नव्हते. म्हणजे मुख्य गुन्हेगार पेशी होत्या. १९८१ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेत बेन-नून, वेकर्ले आणि कोहेन यांनी ओळख आणखी पक्की केली. मायलिनमधील एकाच प्रथिनाला ओळखणाऱ्या टी-पेशी त्यांनी बशीत वाढवल्या. केवळ या पेशी टोचल्यावर घुशींना लुळेपणा आला.

इथे विद्यार्थी हमखास विचारतील, की अशा घातक पेशी आपल्या शरीरात असतातच कशाला? टी-पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत ‘शिकतात’. तिथे स्वतःच्या शरीराला घट्ट चिकटणाऱ्या पेशी बाद केल्या जातात. पण ही परीक्षा शंभर टक्के काटेकोर नसते. काही पेशी निसटतात आणि तुमच्या-आमच्या रक्तात निमूटपणे फिरत राहतात. त्यांना सहसा कोणी चेतवत नाही. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक अडथळा असतो, त्यामुळे त्यांची मायलिनशी गाठही क्वचित पडते. सेम्पल लशीने नेमकी हीच व्यवस्था बिघडवली. मेंढीच्या आणि माणसाच्या मायलिनमधील प्रथिने बरीचशी सारखी असतात. ती सलग चौदा दिवस कातडीखाली टोचली गेली. चेतलेली टी-पेशी मेंदूभोवतीचा अडथळा ओलांडू शकते. १९८७ मध्ये थायलंडमधील हेमाचुधा आणि सहकाऱ्यांनी सेम्पल लशीनंतर आजारी झालेल्या माणसांत मायलिनमधील त्याच मुख्य प्रथिनाविरुद्धची प्रतिकारक्रिया दाखवून दिली. माकडांपासून सुरू झालेले वर्तुळ पुन्हा माणसाशी येऊन पूर्ण झाले.

पुण्यातले उंदीर

आज हे प्रारूप मुख्यतः उंदरांवर वापरतात. संपूर्ण मेंदूऐवजी मायलिनमधील प्रथिनाचा एक छोटा तुकडा फ्रॉइंडच्या मिश्रणात घालून टोचतात. साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास प्रथम उंदराची शेपूट लुळी पडते. त्याला एक गुण. मागच्या पायांत अशक्तपणा आला की दोन, ते पूर्ण लुळे पडले की तीन, पुढच्या पायांपर्यंत पोचले की चार. पाच म्हणजे मृत्यू. तीन गुण झालेल्या उंदराला पिंजऱ्यातली पाण्याची नळी गाठता येत नाही, म्हणून त्याचे अन्नपाणी खाली ठेवावे लागते. वाड्यातले काका दहा-अकरा दिवसांनीच उठू शकले नव्हते, हे ही वही भरताना आठवल्यावाचून राहत नाही.

नारायण पेठेतून नदी ओलांडून गणेशखिंडीकडे गेले, की विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र लागते. १९८६ मध्ये प्राणिपेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून तिची स्थापना झाली आणि १९९६ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. या संस्थेतील गिरिधारी लाल यांच्या गटाने २०१७ मध्ये इंटरफेरॉन-गॅमा या संदेशक प्रथिनावरील काम प्रसिद्ध केले. टी-पेशींना रक्त आणि मेंदूमधला अडथळा पार करायला हे प्रथिन मदत करते, असे त्यांनी दाखवले. तिथेच मोहन वाणी यांच्या गटाने दुसऱ्या प्रारूपावर काम केले. उंदरांना कोलॅजन हे सांध्यातील प्रथिन टोचले की संधिवातासारखा आजार होतो. अशा उंदरांत इंटरल्युकिन-३ या प्रथिनाने आजार सौम्य होतो आणि ‘नियामक’ टी-पेशी वाढतात, असे त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले.

नियामक टी-पेशी म्हणजे इतर टी-पेशींना आवर घालणाऱ्या पेशी. एर्लिख यांना अभिप्रेत असलेल्या आत्मघात टाळणाऱ्या व्यवस्थेतला हा महत्त्वाचा भाग. त्यांची ओळखही उंदरांतूनच पटली. १९९५ मध्ये शिमोन साकागुची यांनी या पेशी वेगळ्या ओळखल्या. २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी खवलेदार कातडीच्या, जन्मतः आजारी उंदरांमधील सदोष जनुक शोधले. पुढे तेच या पेशींचे मुख्य जनुक ठरले. या तिघांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. १९८७ मध्ये इंटरफेरॉन-गॅमा हेच प्रथिन मल्टिपल स्क्लेरोसिसच्या अठरा रुग्णांना औषध म्हणून देऊन पाहिले. त्यांपैकी सात जणांचा आजार बळावला आणि ते थांबवावे लागले. उंदरांवरचे प्रयोग मात्र गोंधळात टाकणारे निघाले. कित्येक प्रयोगांत हेच प्रथिन उंदरांना रोगापासून वाचवत होते. १९९९ मध्ये आणखी एका औषधाचे असेच झाले. प्राण्यांत गुणकारी ठरलेल्या त्या औषधाने माणसांचा त्रास वाढवला. प्रारूप हे नकाशासारखे असते. त्याच्या आधारे वाट शोधता येते, पण नकाशावर नदी छोटी दिसते म्हणून कोणी पोहून जायला निघू नये.

काही वेळा प्रारूप अगदी अनपेक्षितपणे उपयोगी पडते. वाइझमन संस्थेतच टायटेलबॉम, आर्नोन आणि सेला यांनी मायलिनमधील प्रथिनाची नक्कल करणारे रसायन बनवले. त्याने गिनिपिगांना रोग होईल अशी त्यांची अपेक्षा होती. झाले उलटेच. १९७१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की हे रसायन रोग दाबते. १९९६ मध्ये अमेरिकेत ते मल्टिपल स्क्लेरोसिसवरचे औषध म्हणून मान्य झाले. दुसरे उदाहरण १९९२ चे. टी-पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला ज्या रेणूने चिकटतात तो झाकला, तर घुशींचा रोग टळतो, असे तेव्हा दिसले. त्यातून निघालेले नतालिझुमॅब हे औषध नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

प्राण्यांना होणाऱ्या यातनांचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. आपल्याकडे १९६० च्या कायद्याखाली नेमलेल्या समितीची आणि १९९८ च्या नियमांची अशा प्रयोगांवर देखरेख असते. किती प्राणी लागतील, ते का लागतील आणि त्यांच्याशिवाय भागेल का, हे आधी लिहून द्यावे लागते. तरीही लुळ्या शेपटीचा उंदीर हातात घेणाऱ्याने रोज स्वतःला हा प्रश्न विचारावा, असे आमचे मत आहे.

डिसेंबर २००४

त्याच वर्षी, नतालिझुमॅब मान्य झाल्यानंतर महिन्याभराच्या आत, डिसेंबर २००४ मध्ये, भारतात मेंढीच्या मेंदूच्या लशीचे उत्पादन बंद झाले. या दोन घटना शेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ होते. मेंदूचा लगदा टोचून होणाऱ्या रोगावरून श्रीमंत देशांत महागडी औषधे निघाली. आणि तोच लगदा आपल्या सरकारी दवाखान्यांत तोवर टोचला जात होता.

ज्ञान कमी पडले असे म्हणता येणार नाही. १९३५ मध्ये दोषी सापडला होता. १९५५ मध्ये चिली देशात फुएन्सालिदा आणि पालासिओस यांनी नवजात उंदरांच्या मेंदूपासून लस बनवली, कारण त्या वयात मेंदूत मायलिन फारसे नसते. १९७६ मध्ये इराणमधील अहवाल आला. पिसाळलेले लांडगे आणि कुत्रे चावलेल्या पंचेचाळीस जणांना पेशीसंवर्धनात वाढवलेली नवी लस दिली होती. ते सर्व जण वाचले. १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मेंदूपासूनच्या लशी बंद कराव्यात अशी शिफारस केली. त्यानंतरही आपल्याला वीस वर्षे लागली.

याचे खापर सेम्पल लशीवर फोडणे योग्य नाही. रेबीज म्हणजे खात्रीचे मरण आणि लशीमुळे लुळेपणा येण्याची शक्यता थोडी. पिसाळलेले कुत्रे चावल्यावर ती लस घेणेच शहाणपणाचे होते. काकांनी घेतली, तेही बरोबरच केले. चूक होती ती अधिक चांगली लस असताना ती सर्वांपर्यंत न पोचण्यात. पेशीसंवर्धनाची लस दुकानात विकत मिळे. मेंदूची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळे. खिशात पैसे असणारा धोका टाळू शकत होता, नसणारा टाळू शकत नव्हता. २००६ मध्ये कातडीच्या थरात अगदी थोडी लस टोचण्याच्या पद्धतीला भारतात मान्यता मिळाली. एका माणसाला लागणारी लस त्यामुळे पुष्कळ कमी झाली आणि नवी लस सरकारी दवाखान्यांना परवडू लागली.

वर्गात काय सांगावे

मेंदूची लस गेली, पण तिची भीती गेलेली नाही. ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ हे शब्द अजूनही घरोघर ऐकू येतात. इंजेक्शनांच्या धाकाने कुत्रा चावल्याचे घरी न सांगणारी मुले आजही भेटतात. या मौनातून मृत्यू होऊ शकतो. म्हणून २८ सप्टेंबरला, पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, जागतिक रेबीज दिन पाळला जातो तेव्हा मुलांना एवढे तरी जरूर सांगावे. कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. घरी सांगावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. आता इंजेक्शने दंडात देतात. दंडाच्या स्नायूत दिल्यास पाच वेळा, कातडीच्या थरात दिल्यास चार वेळा जावे लागते. जखम खोल असेल, तर तिच्याभोवती तयार प्रतिपिंडेही टोचतात. नव्या लशीत मेंदूचा अंश नसतो.

वरच्या वर्गातल्या मुलांना आणखी एक काम द्यावे. घरातल्या आजी-आजोबांना चौदा इंजेक्शनांबद्दल विचारून या, असे सांगावे. आमचा अंदाज आहे की प्रत्येक वर्गात एखादी तरी आठवण निघेल, आणि एखाद्या वर्गात काठी टेकत चालणारे काकाही निघतील. त्यांना काय झाले होते, हे त्यांच्या नातवंडांना समजावून सांगणे आता आपल्याला शक्य आहे.